मधला पट्टा

प्रिय बशीवाल्या,

तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. रागावला असशील तर रास्त आहे, पण आधी हे वाच. फोनवर मला गप्प बसता येतं आणि तू त्या गप्प बसण्याचा तुला हवा तसा अर्थ काढतोस. कागदावर गप्प बसलं तर कागद कोराच राहतो, म्हणून लिहिते आहे. आणि हो, बशीवाला हे तुझं नाव इथे आता कायमचं झालं आहे. काचेच्या बश्यांमध्ये जिवाणू वाढवून पोट भरणारा माणूस बाबांच्या डोक्यात काही केल्या बसेना. ‘सगळ्या बश्यांत जिवाणूच, मग जेवतो कशात?’ असं त्यांनी विचारलं, आणि आई आतून म्हणाली, ‘तुझ्या वडिलांना सांग, पोत्यातलं खाण्यापेक्षा बशीतलं बरं.’ तुला मी तेव्हा फक्त बाबांचं वाक्य सांगितलं होतं आणि तू पोट धरून हसला होतास. आईचं सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

ते बाकीचं असं आहे. आमच्या घराला दोन शेतं आहेत. वरच्या अंगाला आईचं, खालच्या अंगाला बाबांचं. बाबा निवृत्त होईपर्यंत खत कारखान्यात होते. दारोदार जाऊन शेतकऱ्यांना कुठल्या पिकाला कोणती मात्रा, ते सांगणं हे त्यांचं काम. आईने त्यांच्या एकाही पोत्याला आपल्या शेतात पाय ठेवू दिला नाही. तिच्याकडे पालापाचोळा, शेण, गांडुळांचे वाफे आणि कोपऱ्यात कोंबडीखताचा ढीग, तोही ताडपत्रीखाली नीट झाकलेला, जसं काही त्याला थंडी वाजेल. ती त्यांना पोतेवाले म्हणते, ते तिला उकिरड्याच्या मालकीणबाई म्हणतात, आणि दोघंही हे माझ्या तोंडून एकमेकांना कळवतात. त्यांचा अबोला मी शाळेत जायच्या आधीचा आहे. कारण विचारलं तर दोघं वेगवेगळी वर्षं आणि वेगवेगळी पिकं सांगतात. ‘तुझ्या वडिलांना सांग, जेवायला या.’ ‘तुझ्या आईला सांग, भूक नाही.’ एकाच टेबलाशी, एकाच भांड्यातून वाढलं जात असताना. मला वाटायचं सगळ्या घरांत असंच असतं. एकदा मैत्रिणीकडे गेले होते, तिची आई तिच्या वडिलांना सरळ म्हणाली, ‘अहो, चहा निवतोय,’ तेव्हा मला कुणीतरी उघड्यावर कपडे बदलताना दिसल्यासारखं झालं.

तू विचारलं होतंस, चांगली प्रयोगशाळा सोडून मी अचानक घरी का आले. मी ‘घरचं काम आहे’ म्हणाले आणि तू, तुझ्या स्वभावाप्रमाणे, पुढे विचारलं नाहीस. त्या थंडीत बाबा पंपाजवळ पडले. मांडीचं हाड मोडलं होतं, उठता येईना. आई वरच्या शेतात होती आणि तिथून पंप स्पष्ट दिसतो. तिने त्यांना बसलेलं पाहिलं. सकाळी पाहिलं, दुपारी जेवून परत आली तेव्हाही पाहिलं. तिला वाटलं, रुसून बसले आहेत. मी घरात नव्हते, म्हणजे ‘काय झालं ते विचार’ असं सांगायला कुणी नव्हतं. आणि बाबांनी हाक मारली नाही. हे मी दवाखान्यात त्यांना विचारलं: हाक का नाही मारली? म्हणाले, ‘तिला कशी मारणार? सवय नाही राहिली.’ शेवटी ट्रॅक्टरवाला शेजारी बांधावरून जाताना थांबला. हाड जुळलं, पण पाय ओढतच चालतात. आईला मी काही बोलले नाही. ती त्या दिवसापासून पंपाकडे पाठ करून काम करते.

तेव्हा मी जे ठरवलं ते तुला शास्त्रीय भाषेत सांगितलं होतं, आता साध्या भाषेत सांगते. दोन्ही शेतांच्या मध्ये एक लांबट तुकडा आहे, पडीक. दोघांपैकी कुणीच तो कसला नाही, कारण कसायचा तर दुसऱ्याशी बोलावं लागलं असतं. मी त्यात वाटाणा घ्यायचं ठरवलं, अर्धं सेंद्रिय आणि अर्धं रासायनिक. कंपोस्ट आईचं, सुपर फॉस्फेट बाबांचं, बियाण्याला तुझ्या बशीतले जिवाणू, आणि नत्र अगदी नावाला, रोप उभं राहीपर्यंत पुरेल एवढंच. पुढचं रोपाने हवेतून आपलं आपण घ्यायचं. आणि अट जाहीर केली: माझ्या तुकड्याने दोघांच्याही वाटाण्याला मागे टाकलं तर पुढच्या हंगामापासून दोन्ही शेतं याच पद्धतीने, एकत्र. नाही टाकलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. दोघांनी मान डोलावली. मला त्यांच्या वाटाण्यात काडीचा रस नव्हता. या पद्धतीत कंपोस्ट आणि फॉस्फेट आधी एकत्र मुरवावं लागतं, एकाचं माप दुसऱ्याच्या मापावर ठरतं. रोज बोलल्याशिवाय हे होतच नाही. दोघं असे बोलायला लागले असते तर कुणी पंपाजवळ पडलं तरी चाललं असतं, आणि मी तुझ्याकडे येऊ शकले असते. तुझ्याकडून मी जो एक हंगाम मागून घेतला तो यासाठी.

मिश्रणाचा दिवस तुला बघायला मिळायला हवा होता. मी मुद्दाम एकच फावडं ठेवलं. आई ढिगाच्या एका बाजूला, बाबा खुर्ची टाकून दुसऱ्या बाजूला, आणि मी वजनकाट्याशी. बराच वेळ सगळं माझ्यामार्फतच चाललं. ‘तुझ्या आईला सांग, थर पातळ हवा.’ ‘तुझ्या वडिलांना सांग, थर कसे लावतात ते मी त्यांच्या कारखान्याच्या आधीपासून जाणते.’ मग मी काटा तपासण्याच्या निमित्ताने आत गेले आणि खिडकीतून बघत राहिले. दोघं दोन बाजूंना. ढीग मध्ये. बाबांनी फॉस्फेटची मूठ टाकली ती वाऱ्याने आईच्या डोळ्यांत गेली. ती डोळे चोळत म्हणाली, ‘जरा सरका की तिकडे!’ आणि बाबा सरकले. एवढंच. मी आत तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. त्या दिवशी तुला फोनवर मी म्हणाले की मिश्रण समाधानकारक झालं.

पुढचं सगळं वेळेवर झालं. उगवण चांगली, रोपं ठेंगणी पण टणक, पानांचा रंग फिका हिरवा, जसा असायला हवा तसा. मी ठरलेल्या दिवशी रोपं उपटून मुळं धुवायचे, त्यांवरच्या जिवाणूंच्या गाठी मोजायचे, नखाने चिरून बघायचे. तू मला हे पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा आठवतं? बेसिनपाशी उभा होतास, चिरलेली गाठ माझ्यापुढे धरलीस, आतून गुलाबी. म्हणालास, ‘बघ, तुला बघून लाजली.’ मी तुला म्हणाले होते की गुलाबी रंग म्हणजे गाठीत नत्र पकडण्याचं काम चालू आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. इथल्या गाठी तशाच गुलाबी होत्या, मुख्य मुळाला चिकटून, भरपूर. तुझे जिवाणू या मातीत रुजले. हे तुला मी पूर्वीच कळवायला हवं होतं, तुझं काम चांगलं झालं आहे. संध्याकाळी बाबा बांधापर्यंत काठी टेकत यायचे, आई वरून उतरायची, आणि दोघं तुकड्याच्या दोन टोकांना उभं राहून माझं पीक बघायचे. मधूनमधून एखादं वाक्य थेट जायचं. ‘वेल धरतोय.’ ‘धरणारच.’ मी मनात सामान बांधायला सुरुवात केली होती.

मग तुझं पत्र आलं. घर मिळालं, दोन खोल्या, खिडकीसमोर मोठं झाड, मृदा विभागातली जागा माझ्यासाठी हंगाम संपेपर्यंत राखून ठेवली आहे. मी ते जेवताना वाचून दाखवलं. पूर्ण नाही, शेवटचा परिच्छेद गाळला. आई म्हणाली, ‘बरं झालं हो, झाड आहे ते.’ बाबा म्हणाले, ‘लांब आहे.’ मग आईने भांडी आवरली. बाबा त्या दिवशी बांधावर गेले नाहीत.

त्यानंतरच्या तपासणीला रोपं मला जड लागली. पानं गर्द हिरवी, जवळजवळ निळसर. वेल गुडघ्याच्या वर जाऊन एकमेकांवर कोसळलेले. वाटेने जाणाऱ्या कुणीही म्हटलं असतं, काय पीक आलंय! ट्रॅक्टरवाला थांबून तेच म्हणालाही. फुलं मात्र शोधावी लागत होती. मुळं धुतली तर गाठी थोड्या, बारीक, आणि चिरल्यावर आतून पांढऱ्या. काही हिरवट. रोपाला आयतं मिळत होतं, त्याने काम थांबवलं होतं. मला आधी माझीच चूक वाटली. मापं पुन्हा तपासली, काटा तपासला, पाटाचं पाणी तपासलं. मग सगळ्या तुकड्यातून, एकेका सरीतून मातीचे नमुने घेतले. खालच्या बांधालगत नत्र प्रचंड, आणि आत जाऊ तसं कमी होत जाणारं. काठी टेकून उभं राहिलेल्या माणसाची मूठ जिथवर जाते तिथवर. दोन पांढरे दाणेही सापडले, विरघळायचे राहिलेले. युरिया. एवढ्यावर मी थांबले असते. पण वरच्या बांधालगतही तेच होतं. तिथे दाणे नव्हते. सरीत कोळप्याने हलकेच कालवलेलं कोंबडीखत होतं, वास अजून जायचा होता. तेही काही सऱ्यांपर्यंतच, कारण आईचे गुडघे हल्ली तिला फार वाकू देत नाहीत. सऱ्या मी उताराला आडव्या काढल्या होत्या, त्यामुळे एकीचं दुसरीत वाहिलं नाही. आणि दोघांच्याही हाताला न लागलेला एक अरुंद पट्टा मधोमध राहिला होता. फिका हिरवा, ठेंगणा, शेंगांनी लगडलेला. तिथल्या गाठी गुलाबी होत्या.

मी दोघांना वेगवेगळं विचारलं. बाबा म्हणाले, ‘अगं, पिवळट दिसत होतं. तुझं शास्त्र ठीक आहे, पण बघवेना. जरासं भिरकावलं, झालं.’ आई म्हणाली, ‘अर्धपोटी ठेवल्यासारखं वाटत होतं बाई. कोंबडीखतच तर आहे, विष का घातलंय?’ दोघांचं बोलणं पटण्यासारखं होतं. मायेने केलं असं म्हणता येतं, आणि तू तेच म्हणशील. पण मी शाळेत असताना एकदा वाटाण्याच्या वाफ्यात युरियाची मूठ टाकायला गेले होते, तेव्हा बाबांनीच माझं मनगट धरलं होतं. ‘याला आयतं दिलंस तर हा हातपाय हलवेल कशाला?’ हेच वाक्य त्यांनी आयुष्यभर हजार शेतकऱ्यांना ऐकवलं आहे. आणि आईच्या शेतात सगळ्याला कोंबडीखत मिळतं, फक्त वाटाण्याला नाही. ‘माजतो मेला,’ म्हणते. दोघांनाही माहीत होतं. दोघांनीही तुझं पत्र आल्यानंतर टाकलं. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं ठरत नाही, हे आपण दोघं एकाच बाकावर बसून शिकलो. मी काहीही ठरवलेलं नाही. मी फक्त घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

मला वाटलं होतं आता भांडण होईल. निदान माझ्यामार्फत तरी. मी दोघांना तुकड्यात नेलं आणि समोरासमोर उभं करून काय सापडलं ते सांगितलं, प्रयोगशाळेत सांगतात तसं, आवाज न चढवता. बाबांनी आईकडे पाहिलं. ‘अगं, तूसुद्धा?’ आई म्हणाली, ‘मग काय, तुम्ही एकट्यानेच टाकायचं?’ आणि दोघं हसायला लागले. बशीवाल्या, मी त्यांना एकत्र हसताना कधी पाहिलेलं नव्हतं. आईने तोंडाला पदर लावला, बाबांना ठसका लागला, तिने त्यांच्या पाठीवर हात फिरवला. शाळेला दांडी मारताना पकडलेल्या मुलांसारखे दिसत होते. मी हातात नमुन्याच्या पिशव्या घेऊन उभी. इतक्या वर्षांत एकमेकांना एका शब्दाने न विचारता त्यांनी एकच गोष्ट केली होती, एकाच हेतूने, आणि ती त्यांना जमली होती.

तेव्हापासून घर बोलतं. सकाळी बाबा, ‘अगं, चष्मा बघितलास का?’ आई, ‘नाकावर बघा आधी.’ कोंबडीखत जहाल की युरिया, यावर रोज वाद, थेट. मधल्या पट्ट्यातल्या शेंगा आईने तोडून आणल्या, टेबलावर ओतल्या, तिघांनी बसून सोलल्या. बाबा म्हणाले, गोड आहेत हं. त्या शेंगा हा माझा एकमेव पुरावा होता आणि आम्ही तो खाल्ला. मला हवं होतं ते झालं आहे, असं म्हणून मी दोन दिवस स्वतःची समजूतही घातली. मग जेवताना सांगितलं की आता मी निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, ‘तुझ्या आईला सांग, पंपाची किल्ली जागेवर नाही.’ दुपारी मी म्हणाले, इतक्यात नाही जात. संध्याकाळपर्यंत किल्लीवरून दोघं एकमेकांशी भांडत होते. एकदा आलेलं निरीक्षण योगायोग असू शकतं, म्हणून काही दिवसांनी पुन्हा विषय काढला. तेच झालं. नंतर एकदा, तुझ्या पत्राचा नुसता उल्लेख केला. तेच. ते एकमेकांशी बोलत नाहीत रे. ते मी इथे आहे म्हणून बोलतात. मी जायची असले की त्यांच्यात बोलण्यासारखं काही उरत नाही. मला राग येत नाही, हे जास्त वाईट आहे. राग आला असता तर त्याने निदान दार उघडून दिलं असतं. त्यांच्या वागण्यात दुष्टपणा नाही, कपटही धड नाही. दोन म्हातारी माणसं आहेत आणि मी त्यांच्यामधली जागा आहे. ही पद्धत बरोबर होती. ती मी दुसऱ्या कुणाच्या शेतात वापरायला हवी होती.

आता पत्र का लिहिलं ते. तुझ्या शेवटच्या निरोपात आहे की तू सामानासाठी गाडी ठरवली आहेस आणि हंगाम संपायच्या सुमारास इथे पोचशील. गाडी रद्द कर. येऊ नकोस. तू आलास तर आई-बाबा फाटकापर्यंत येतील, तुझं कौतुक करतील, तू त्यांना आवडशील आणि ते तुला. माणसं आवडण्यासारखीच आहेत. आणि मी तुझ्या गाडीत बसेन. याविषयी मला शंका नाही, आणि मी कुठल्याही गोष्टीविषयी असं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. म्हणूनच येऊ नकोस. मृदा विभागाला सांग, जागा भरून टाका. मला समजवायला लिहू नकोस. तू चांगलं समजावतोस. पुढच्या हंगामाचं काही आश्वासन मी देत नाही, कारण पुढच्या हंगामातही हे दोघं असतील, आणि नसतील अशी इच्छा मी करू शकत नाही. ते माजलेलं पीक दाण्यासाठी काही कामाचं नाही, गाडून हिरवळीचं खत करायचं दोघांनी मिळून ठरवलं. ट्रॅक्टरवाला आला आहे. नांगर कुठून घालायचा यावर एकमत होत नसावं, कारण दोघं मला हाका मारताहेत, दोघंही, एकदमच. जाते.

तुझीच,
तू जिच्यासाठी घर बघितलंस ती